बिनमेकअपची हडळ

आजीचं काम आहे म्हणून भागीताई कीर्तनकार आनंदानं शूटिंगला आल्या. इथे आल्यावर कळलं, आजी म्हणजेच हडळ. वय लपवणारी ती दरवर्षीची सुई सगळ्या बायका टोचून घेऊ लागल्या आणि सुरकुत्या जगातून उठल्या. खरा म्हातारा चेहरा आता फक्त भयपटालाच लागे.

भागीताई कंदील घेऊन अंधारातून पुढे आल्या. नायिका कुमुदिनी, दिसायला पंचविशीची, किंचाळली ती अगदी खरीखुरी.

भागीताई थांबल्याच नाहीत. जवळ जाऊन त्यांनी विचारलं, "वय काय गं बाई तुझं?"

"एकाहत्तर," ती पुटपुटली.

"अगंबाई, म्हणजे मीच धाकटी की. मी अडुसष्टची." त्यांनी कनवटीची डबी उघडून तिच्या कपाळाला बुक्का लावला.

"कट," दिग्दर्शक वैतागला. "आजी, लोकांना भीती वाटायला हवी."

"मग कॅमेरा हिच्यावर लाव, घाबरलीय ती. बाळा, कीर्तनाची खरी गोडी उत्तररंगात असते. तुम्ही सगळे पूर्वरंगातच बसून राहिलात, आणि पुढची कथा सांगणारीला भूत म्हणता. मी भूत होणार नाही. आजी हवी असेल तर थांबते."

कुमुदिनीनं हळूच त्यांच्या गालावरच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवलं. "दुखतं का हो?"

"हसून हसून पडल्यात त्या. हसणं कधी दुखतं का?"

कुमुदिनी दिग्दर्शकाकडे वळली. "उद्याची माझी सुई रद्द करा. आणि पुढच्या सिनेमात आजीचं काम मला द्या. तोवर होईन मी तयार."