अर्धा श्वास

१९९० साली स्वित्झर्लंडभर बायका मत देत होत्या, तरी एप्रिलमध्ये अपेन्झेलच्या चौकात पुरुषांनी हात वर करून आमच्याकडच्या बायकांना मताचा हक्क नाकारलाच. त्यात आलोइसचाही हात होता. मेमध्ये गाय आवरताना त्याचा खांदा निखळला, म्हणून नेमबाजीच्या सामन्यात गावाची शेवटची गोळी त्याच्या जागी त्याची बायको रेगुला झाडणार होती. ती बंदूक घेऊन पालथी झाली, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, दूध उतू जातंय." पुरुष हसले. तिचा श्वास विस्कटला. तिनं बंदूक खाली ठेवली. "उडव ना, लोक थांबलेत," आलोइस कुजबुजला. "थांबू देत. बायकाही थांबल्यात." तिनं श्वास घेतला, अर्धा सोडला, उरलेला रोखला आणि नेम स्थिरावल्यावर चाप हळूच ओढला. गोळी मधोमध लागली. करंडक मिळाला. सामन्याच्या अध्यक्षांनी आलोइसचं नाव पुकारलं. रेगुला करंडकाला हात न लावता म्हणाली, "पुन्हा पुकारा."