तिखट कान

"इथे?" त्याने नळीवर नाणं वाजवलं.

"टण," बायको म्हणाली.

"आणि इथे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो कपाळाला आठ्या घालून तडा न्याहाळत होता.

"थप," ती म्हणाली.

त्याने काळ्या नळीवर खडूने खूण केली आणि नाणं बोटभर पुढे सरकवलं.

तो गिऱ्हाइकांच्या फ्रेमा दुरुस्त करायचा त्या मागच्या खोलीत, दोन खुर्च्यांच्या पाठींवर, मुलीच्या शर्यतीच्या सायकलची फ्रेम आडवी ठेवली होती. गेल्या महिन्यात मुलगी एका वळणावर पडली. तिचं मनगट मुरगळण्यावर निभावलं, फ्रेमच्या खालच्या नळीला मात्र तडा गेला. फ्रेम कार्बनची. लोखंड बिचारं आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला सावध करतं. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात, वरचा रंग तुकतुकीत राहतो आणि एक दिवस काडकन तुकडे होतात. आत काय चाललंय ते नाण्यावरून कळतं. धड जागी टण वाजतं, थर सुटलेल्या जागी थप.

त्याला मात्र दोन वर्षांपासून दोन्ही सारखंच वाजत होतं.

तीस वर्षं कारखान्यात ग्राइंडरशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेले ते गेले, परत यायचे नाहीत. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. बायकोची एखादी हाक चुकली तर ती म्हणे, "लक्ष कुठे असतं तुमचं?" बायकोचं ऐकू न येणं हा नवऱ्यांच्या बाबतीत रोग थोडाच समजतात?

घरी सांगितलं असतं, तर तिने त्याच दिवशी या खोलीला कुलूप ठोकलं असतं. मग त्याने युक्ती काढली. "माझ्यामागे कुणाला तरी हे काम यायला हवं," असं म्हणून तो तिला शिकवायला बसला. नाणं वाजवायचा आणि मास्तरासारखा विचारायचा, "सांग, कसं वाजलं?" तिचे कान आधीच तिखट. भिंतीपलीकडची शेजारणीची कुजबूज तिला शब्दन्‌शब्द ऐकू येई. पहिले काही दिवस ती चाचपडली. नंतर डोळ्यांना दिसणाऱ्या तड्यावर ती दर वेळी थप म्हणू लागली आणि त्याची खात्री पटली. तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या चाळीसेक फ्रेमा तिच्या कानांवर पार पडल्या होत्या.

मुलगी मनगट चोळत दारात येऊन उभी राहिली. रविवारी उताराची शर्यत होती. पहिल्या तिघांना संघात जागा मिळणार होती आणि तीन वर्षं ती त्यासाठीच घाम गाळत होती.

"बाबा, एकदा मशीनवर तपासून घेऊ या का? क्लबमधले सगळे तेच म्हणतायत."

"मशीन कशाला? दोन वर्षांत माझी एक तरी फ्रेम परत आली का?"

"तसं नाही, बाबा. त्या उतारावर सत्तरचा वेग असतो, म्हणून म्हटलं."

"तुझी आई काय मशीनपेक्षा कमी आहे?"

बायको लाजली. मुलगी हसली आणि तो विषय तिथेच संपला. खरं सांगायचं तर हीच वेळ होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण लेकीसमोर आपण निकामी झालो असं कबूल करायची त्याला लाज वाटली आणि त्याने ते गिळून टाकले.

शेवटी पुढच्या चाकाच्या वरचा सांधा राहिला. उतारावर ब्रेक दाबला की सगळा भार तिथेच येतो. त्याच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. पण लेक बघत होती, म्हणून त्याने चेहरा हसरा ठेवला.

"इथे?"

बायको थबकली. "पुन्हा वाजवा बरं."

त्याने पुन्हा वाजवलं आणि लेकीकडे बघून मान डोलावली.

"टण," बायको म्हणाली.

त्याने सुटकेचा श्वास सोडला.

पुढचे तीन दिवस तो त्या तड्यापाशीच होता. पॉलिश पेपरने रंग उतरवला, सुटलेले थर घासून काढले, रेझिनमध्ये भिजवलेलं कार्बनचं कापड एकावर एक गुंडाळलं, वरून चिकटपट्टी आवळली आणि हेअर ड्रायरने ऊब दिली. जोड असा बसला की हात फिरवला तरी कळू नये. इतकं मन लावून त्याने आयुष्यात काम केलं नव्हतं.

रविवारी सकाळी मुलगी सायकल घेऊन गेली. आईबाप बघायला आले की तिचे पाय जड होतात, म्हणून दोघं घरीच थांबली. दहाला शर्यत सुटणार होती. त्याआधी ती फोन बंद करून बॅगेत टाकते, हे दोघांना माहीत होतं.

सव्वादहाला बायकोने चहा आणला. त्याला आता हे ओझं पेलवेना.

"एक सांगतो, रागावू नकोस," तो म्हणाला. "ही शेवटची फ्रेम. आता बंद करतो."

"का हो?"

"दोन वर्षं झाली, टण आणि थप मला वेगळं ऐकूच येत नाही. मी तुला शिकवत नव्हतो. तू सांगशील त्यावर सगळं चाललं होतं."

ती चिडेल, बोलेल, चार दिवस अबोला धरेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त घड्याळाकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"म्हणजे बरोबर काय ते तुम्हाला माहीत नसायचं?"

"नाही."

"अहो," ती म्हणाली, "मला तो फरक कधीच कळला नाही. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून सांगत होते."