निळी पट्टी

हृषीकेशने पोह्यांची ताटली बाजूला सारली. "आई, वासानंच मळमळतंय गं." कुमुदताईंनी सरबतासाठी लिंबू कापायला घेतलं.

त्याच्या दंडावर दवाखान्यातली निळी पट्टी होती. गर्भनिरोधक निवडण्याआधी ती दिवसभर नवऱ्याने लावायची, असा आता नियमच होता. गोळ्यांनी बायकोला जो त्रास होईल, तोच पट्टी नवऱ्यालाही द्यायची. काल "त्यात काय एवढं!" म्हणणारा हृषीकेश आज सकाळपासून उगाचच चिडचिड करत, डोकं धरून बसला होता.

"मुक्ता, तुझ्या गोळ्या राहू दे," तो बायकोला म्हणाला. "पुरुषांचं इंजेक्शन आहे ना, ते मी घेतो." मग आईकडे वळून त्याने विचारलं, "तू किती वर्षं घेतल्यास गं या गोळ्या?"

"तू शाळेत जायला लागलास तेव्हापासून, तुझी दहावी होईपर्यंत."

"कधी बोलली नाहीस!"

"कुणी विचारलंच नाही रे."

त्याने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कुमुदताईंचे डोळे भरून आले. ही पट्टी ज्याने कुणी शोधली, त्याचं भलं होवो, असं त्यांनी मनोमन म्हटलं.

तेवढ्यात हॉलमधून त्यांच्या नवऱ्याने चहासाठी हाक मारली.

कुमुदताईंनी पदराने डोळे पुसले. "मुक्ता," त्या हळूच म्हणाल्या, "आणखी एक पट्टी मिळेल का गं?"