एका लिटरचा माणूस

भोजराज मरायला लागले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि त्यांना फक्त तहान लागली होती.

त्यांनी डोळे वर फिरवले, जबडा सैल सोडला आणि घशातून घरघर काढली. ती चांगली जमली. दोन दिवस पांघरुणाखाली सराव झाला होता. सून रीना किंचाळली. मुलगा कमलेश मोबाइल घेऊन धावला. "मा, गाडी बोलावतो!"

जनाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "गाडी राहू दे. दवाखान्यात नेऊन आता काय होते? लोकायले बोलाव."

भोजराजांना हे लागलं. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, आणि बाई गाडीलाही नाही म्हणते. पण तहान मोठी होती. त्यांनी अपमान गिळला. गिळायला तेवढंच होतं.

महिन्यापूर्वी भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पेशंट, नातेवाईक आणि सिस्टर लोकांना एकत्र बसवून शिकवलं होतं. हृदय दमलंय, अंगात पाणी साचतं, म्हणून दिवसाला एकच लिटर. चहा, ताक, वरण, टरबूज, सगळं त्यातच मोजायचं. सिस्टर जांभया देत होत्या. पेशंट पंख्याकडे बघत होते. शिकल्या एकट्या जनाबाई. घरी येताच त्यांनी लिटरची बाटली काढली. सकाळी भरायची, नवरा कपभर चहा प्यायला की तेवढंच पाणी बाटलीतून कुंडीत ओतायचं, त्याच्या डोळ्यांदेखत. मोगरा कधी नव्हे एवढा बहरला. भोजराजांच्या पायांची सूज उतरली, धाप थांबली आणि मे महिन्याच्या उन्हात जीभ लाकडाची झाली.

त्याच दवाखान्यात शेजारच्या खाटेवर परसराम होता. त्यालाही एकच लिटर. तो देवाघरी जायला निघाला त्या दिवशी अठरा नातेवाइकांनी त्याच्या तोंडात पाणी घातलं. सिस्टर बाजूला उभी होती. तिनं एक थेंबही लिहून घेतला नाही. डॉक्टरांनी न शिकवलेली गोष्ट भोजराज तिथं शिकले: मरणाऱ्याला मर्यादा नसते.

आता त्यांना खाली जमिनीवर घेतलं होतं. उशाशी माठातलं गार पाणी, त्यात तुळशीचं पान, आणि पळी.

पहिली पळी कमलेशची. पाणी घशात उतरलं आणि भोजराजांना मरण्याआधीच स्वर्ग दिसला. दुसरी रीनाची. तिसरी धाकटा भाऊ नंदलालची. रडताना त्यानं अर्धं पाणी मानेवर सांडलं. भोजराजांनी त्याला मनातल्या मनात शिवी दिली. बाहेर माणसं वाढत होती. भोजराज मंदिर समितीचे अध्यक्ष, त्यांना शेवटचं पाणी घालायला सगळं सिहोरा गाव लोटलं होतं, नाकाडोंगरीहून बहिणीची जीप निघाली होती. भोजराजांनी पापणीच्या फटीतून रांग मोजली. ओसरीपर्यंत एकतीस. एकतीस पळ्या! रांग संपली की हळूच शुद्धीवर यायचं, त्यांनी ठरवलं. देवाची कृपा म्हणतील.

चौथी पळी जनाबाईंची. त्या ओणवल्या तसा पदर दोघांच्या तोंडावर आला. पळी ओठांशी धरून त्या कानात म्हणाल्या,

"नरडं हालून राहिलं तुमचं. जाणाऱ्याचं हालत नाही. आजचा लिटर तीन वाजताच झाला. आता एक घोट जरी गिळला, तर इथंच उठवून बसवतो, साऱ्या गावासमोर."

आणि पळी ओतली.

भोजराजांनी गिळलं नाही. गार पाणी जिभेवर क्षणभर थांबलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर गेलं. जनाबाईंनी पदरानं ते टिपलं, मग स्वतःचे डोळे टिपले आणि उठून रांगेला हात केला.

"या, सारे या. कोणी राहू नका," त्या हुंदका देत म्हणाल्या. "दोन-दोन पळ्या घाला. लय तहानलेला जीव आहे माह्या माणसाचा."