हलका हात

पॅडल पुन्हा टेबलावरून घसरलं आणि पोह्यांच्या बशीवर जाऊन आपटलं.

"अहो, बोट नुसतं टेकवायचं. खिळा ठोकताय का?" कुमुदताई म्हणाल्या.

घाणेकर मास्तरांनी तारखात्यात तीस वर्षं पितळी कळ बडवली होती. हे नवं पॅडल मात्र नाजूक. डावं पातं जरासं दाबलं की मोर्सचा डॉट, उजवं दाबलं की डॅश. कुमुदताईंनी ते निसरड्या काचेच्या ताटलीत ठेवलं आणि फर्मान काढलं, "हे जागचं हलेनासं झालं, की त्या दिवशी शिरा."

महिन्याभराने, एका रविवारी, शिरा झाला. तो खाऊन मास्तर आपल्या बिनतारी रेडिओसंचापाशी बसले. दर रविवारी मालवणच्या पेडणेकराशी मोर्समधून गप्पा व्हायच्या. दोघं एकाच तारघरातले. आज मास्तरांनी फुंकर घालावी तसे शब्द पाठवले.

उत्तर आलं, "आपण कोण? घाणेकराचा हात मी ओळखतो. हा त्याचा नव्हे."

मास्तरांनी तीनदा नाव सांगितलं. पेडणेकराला पटेना. "खरं सांगा, त्याला काही झालंय का?"

कुमुदताईंनी हसू दाबत कपाटातली जुनी पितळी कळ आणून दिली. मास्तरांनी ती जोडली आणि दणादण बडवली. वाटीतला चमचा नाचला.

मग मालवणहून उत्तर आलं, "हां, आता आलास! तीस वर्षं सांगतोय रे घाणेकरा, हात जरा हलका ठेव!"