केस द्यायला आलेली माणसं

"पहाटेपासून पोटात चहाचा घोट न्हाई, आन् ह्या डॉक्टरचा अजून पत्ता न्हाई," आण्णामामा पप्पूच्या कानाशी कुरकुरले.

पप्पू गोंधळला. टकलावर केस लावून घ्यायचे होते त्याला, मग मामा कशाला उपाशी? शिरूरच्या त्या दवाखान्यात मामांशेजारी सुवर्णाआत्या नुकतेच न्हालेले केस मोकळे सोडून बसली होती. चुलतभाऊ सुदर्शन तर मान वाकवून डोकंच पुढं करत होता. "माझं घे गड्या. राठ हायेत, टिकत्याल."

ते ऐकून नर्सला हसू आवरेना. "अहो, दुसऱ्याचे केस धरत नसतात. ह्यांच्याच डोक्यामागचे मुळासकट काढून पुढं लावायचे. तुम्ही जा, नाष्टा करा."

"घरातल्यांनी केस द्यायला लागत्यात, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" पप्पूनं विचारलं.

सगळ्यांनी धनश्रीकडं बघितलं. पप्पूची थोरली वहिनी. भाऊ वारल्यापासून ती घरात कामापुरतंच बोलायची. पण काल एकेकाला फोन तिनंच केले होते.

"वहिनी, असं का वो सांगितलं?"

"कोण कोण येतंय, ते बघायचं होतं," पदर सारखा करत ती म्हणाली. "ह्यांना किडनी पायजे होती, माझी जुळली न्हाई. तवा दुसरं कुणीच तपासून घ्यायला आलं न्हाई. तुम्हीबी न्हाई, भाऊजी."