सात मात्रांची शांतता

माझ्या गुरूंनी, मुनाकाता सेन्सेईंनी, एकट्या पियानोसाठी लिहिलेली नवी रचना मी कानाझावाच्या सभागृहात पहिल्यांदा वाजवणार होते. तिच्या तिसऱ्या पानावर सात मात्रांची शांतता होती. दुपारी तालमीत तिथे पोचल्यावर मी हात उचलून मांडीवर ठेवले, आणि पियानोतून एक खर्जातला सूर आला.

"चिझुरू! माझ्या रचनेत भर घालायला कुणी सांगितलं तुला?" सेन्सेई गरजले.

"मी नाही वाजवला तो."

"मग काय मी वाजवला? चाळीस वर्षं खपलोय मी या शांततेसाठी!"

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा तोच सूर आला, या वेळी जास्त जोरात. आता माझंही डोकं फिरलं.

"तुम्हीच बसा ना मग!"

ते बसले. त्यांच्याही शांततेत तोच सूर आला.

संतापून त्यांनी पियानो जुळवणाऱ्या ओरितासानना बोलावलं. "तारच काढून टाकतो. मग बघू कशी बोलते," म्हातारे ओरितासान हसून म्हणाले. त्यांनी ती काढून, गुंडाळून खिशात घातली.

सेन्सेईंनी पुन्हा वाजवलं. शांतता आली, पाठोपाठ सूर आला, आणि अख्खा पियानो थरथरला. ओरितासान तडक निघून गेले.

"बस्स! रचना माझी आहे!" सेन्सेईंनी पट्ट्यांवरचं झाकण दाणकन आपटलं.

ते मिटलं नाही. बोटभर फट उरली. सेन्सेई दात-ओठ खात दोन्ही हातांनी त्यावर रेलले.

त्यांच्या वजनासकट झाकण आतून हळूहळू वर येऊ लागलं.